कोऱ्या कॅनव्हासची शिकवणी

१/
अमूर्त चित्रकार पोट कशावर भरतो? प्रश्न उद्धट वाटेल, पण कलेच्या इतिहासात तो फारसा कुणी विचारत नाही. प्रदर्शने कुठे भरली, पारितोषिके कोणती मिळाली, लिलावातली बोली कुठवर चढली, हे आपण वाचतो. महिन्याच्या एक तारखेला पगार कुठून येत होता आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तो माणूस काय करत होता, हे तळटिपेतही सापडत नाही. आजचा धागा त्या ‘दहा ते पाच’विषयी आहे.

२/
धाग्याचे मुख्य पात्र प्रभाकर बरवे. जन्म १६ मार्च १९३६, नागाव, तालुका अलिबाग. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. नागाव आज समुद्रकिनाऱ्यासाठी आणि शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी ओळखले जाते. अष्टागरातले हे गाव, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे. शेजारीच आक्षी. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा धरला, तर मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो पहिला ठरतो. या मालिकेच्या जुन्या वाचकांना तो कालनिर्णयाचा वाद ठाऊक आहेच, म्हणून इथे थांबत नाही.

३/
बरवे हे भारतीय आधुनिक चित्रकलेतले मोठे नाव. पण त्यांच्याविषयी लिहिताना त्यांची नोकरी एका ओळीत उरकली जाते: ‘विणकर सेवा केंद्रात कामाला होते.’ माझे म्हणणे असे, की त्या एका ओळीत त्यांच्या चित्रांचा निम्मा इतिहास दडलेला आहे. आणि ती नोकरी समजून घ्यायची, तर त्याच पिढीच्या आगेमागे वर्गात उभे राहून शिकवणारे दोन अमूर्त चित्रकारही पाहावे लागतात: शंकर पळशीकर आणि प्रभाकर कोलते. शिकवणे आणि रंगवणे यांचे नाते तिघांच्या बाबतीत तीन प्रकारचे आहे.

४/
आधी घराण्याकडे पाहू. नागावपासून उत्तरेला, त्याच अलिबाग तालुक्यात सासवणे आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथले, जन्म १८९१. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याचे अनावरण १९२८ मध्ये झाले, तो त्यांचाच. करमरकरांची कथा किनाऱ्यावर अजून सांगितली जाते: गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले, आणि त्यांच्या साहाय्याने मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला.

५/
हे करमरकर नात्याने बरव्यांचे आजोबा लागत. बरव्यांचे वडील मुंबईत चित्रपटाच्या स्टुडिओत कलाकार म्हणून काम करत. म्हणजे घरात कला होती, आणि ती पोटापाण्याचे साधन म्हणून होती. कमिशनचे पुतळे करणारा एक, पडद्यामागची चित्रे रंगवणारा दुसरा. ‘कला की नोकरी’ हा प्रश्न ज्या घरांत रडत-भांडत सोडवला जातो, तशांपैकी हे घर नव्हते. बरव्यांनी पुढे जे केले, त्यामागे या वारशाचा हात मला दिसतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

६/
बरवे १९५९ मध्ये जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले. जे. जे.ची स्थापना १८५७ ची, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. वसाहती सरकारला तिथे मुख्यतः कुशल कारागीर घडवायचे होते, आणि पुढे शाळांना लागणारे चित्रकला शिक्षक. आपण सगळ्यांनी शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा याच परंपरेचे वंशज. रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही हायस्कुलात विचारा: चित्रकलेच्या सरांची पहिली ओळख ‘ग्रेड परीक्षेचे सर’ हीच असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. या तीन शब्दांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना पाहायला शिकवले, आणि काही अंशी पाहायचे कसे याला कुंपणही घातले.

७/
त्या कुंपणाच्या आत राहून कुंपण वाकवणारा माणूस म्हणजे शंकर पळशीकर. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे. जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले, १९४७ च्या सुमारास तिथेच शिक्षक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात संस्थेचे अधिष्ठाते होते. १९४७ म्हणजे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेच वर्ष. सूझा, रझा, हुसेन यांची बंडखोरी आपण पाठ केली आहे. त्याच वर्षांत, त्याच शहरात, एक माणूस रोज वर्गात जाऊन रेषा म्हणजे काय हे शिकवत होता, ही गोष्ट मात्र बंडाच्या कथेत बसत नाही, म्हणून तिला जागा मिळत नाही.

८/
पळशीकरांचे व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध होते. समोर माणूस बसलेला, भोवती विद्यार्थी, आणि तासाभरात कॅनव्हासवर चेहरा उभा. पण हाच माणूस आपल्या स्वतःच्या चित्रांत ॐकाराच्या आकृतीकडे, तंत्रविद्येतल्या प्रतीकांकडे, अमूर्ताकडे वळत गेला. इथे विसंगती वाटते ती वरवरची. चेहऱ्यात जो तोल शोधायचा, तोच निव्वळ आकारात शोधायचा. चेहरा हे निमित्त. वर्गात हे सांगता सांगता शिक्षकाला स्वतःलाच ते पटत गेले असावे, असे त्यांचा प्रवास पाहताना वाटते. तय्यब मेहता, अकबर पदमसी यांसारखे चित्रकार त्यांच्या काळातल्या जे. जे.तून बाहेर पडले.

९/
या शिकवण्याची किंमत पळशीकरांनी मोजली, हेही लिहिले पाहिजे. निवृत्तीनंतर जेमतेम नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, ते गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे आज ज्या आकड्यांसह उच्चारली जातात, त्यांच्या आसपासही गुरूंचे नाव नसते. शिक्षकाचे काम दुसऱ्यांच्या चित्रांत विरघळते. त्यावर सही नसते, आणि बाजाराला सही लागते. ‘त्यांनी विद्यार्थी घडवले’ हे वाक्य आपण श्रद्धांजली म्हणून लिहितो, पण एका चित्रकाराच्या बाबतीत ते नुकसानीचे विधानही असू शकते.

१०/
आता थोडे जर्मनीत जाऊ, कारण बरवे आणि कोलते या दोघांवरही ज्याचा प्रभाव सांगितला जातो तो चित्रकार तिथे शिकवत होता: पॉल क्ले. १९२१ पासून १९३१ पर्यंत क्ले बाउहाउस या संस्थेत शिक्षक होता, आधी वायमारला, मग डेसाऊला. अमूर्त चित्रकाराने शिकवता शिकवता स्वतःची चित्रभाषा कशी घडवावी, याचे विसाव्या शतकातले सर्वांत स्वच्छ उदाहरण तोच. विद्यार्थ्यांना सांगायचे म्हणून त्याला आपल्या हाताला आपसूक येणाऱ्या गोष्टींचे व्याकरण शोधावे लागले. बिंदू हलला की रेषा, रेषा सरकली की पृष्ठभाग. रंगाला वजन असते, आकाराला दिशा असते. १९२५ मध्ये त्याच्या टिपणांचे एक छोटे पुस्तक निघाले आणि जगभरच्या कलाशाळांत पोहोचले.

११/
दोन तपशील आपल्या कामाचे. पहिला: डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे मांडली गेली, त्यांत क्लेचीही होती. म्हणजे ‘आधुनिक कला आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आली’ हे वाक्य जपूनच वापरायचे.

दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा. क्ले बाउहाउसमध्ये विणकाम विभागाच्या विद्यार्थिनींनाही शिकवत असे. आकार, पुनरावृत्ती, लय यांचे त्याचे धडे मागावर जाऊन बसले, आणि मागाची चौकट त्याच्या चौकटी-चौकटींच्या चित्रांजवळ जाऊन बसली. कोण कुणाकडून शिकले याचा हिशोब लावणे कठीण आहे. तो तसाच सोडू आणि वाराणसीला जाऊ.

१२/
१९५० च्या दशकात केंद्र सरकारपुढे एक व्यावहारिक संकट होते. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकायचा कसा? हातमागाच्या कापडाला गिरणीइतके स्वस्त करता येत नव्हते. वेगळे आणि सुंदर करता येत होते. या विचारातून १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. पुपुल जयकर या त्यामागच्या मुख्य व्यक्तींपैकी एक. केंद्रांचे काम असे: जुने नमुने गोळा करणे, नवे आकृतिबंध तयार करणे, रंगाईचे प्रयोग करणे आणि हे सारे विणकरांपर्यंत पोहोचवणे. त्यासाठी त्यांनी नेमले कुणाला? चित्रकारांना.

१३/
यादी वाचून आश्चर्य वाटेल. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जेराम पटेल, गौतम वाघेला, भास्कर कुलकर्णी. वेगवेगळ्या काळात हे सगळे या यंत्रणेत होते. अंबादास म्हणजे अकोल्याचे अंबादास खोब्रागडे, पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले, आकाराला कुठल्याही वस्तूची आठवण उरू न देणारे अमूर्त चित्रकार. ज्यांच्या चित्रांना गिऱ्हाईक नव्हते, अशा तरुण चित्रकारांच्या एका पिढीला सरकारच्या एका खात्याने, बहुधा नकळत, पगार पुरवला. कला अकादम्यांचे श्रेय आपण आवर्जून देतो. हातमाग खात्याचे कुणी देत नाही.

१४/
बरवे १९६१ मध्ये या केंद्रात रुजू झाले आणि वाराणसीला गेले. वय पंचवीस. नागाव-मुंबईच्या मुलासाठी हा मोठा पालट. तिथे घाट होते, देवळे होती, पूजेची मांडणी होती, तांत्रिक यंत्रे होती: त्रिकोण, बिंदू, कमळ, वर्तुळ. चित्रकाराला तयार अमूर्त भाषा गल्लीबोळांतून हाती लागावी तसे झाले. या काळातल्या त्यांच्या चित्रांत तंत्रप्रतीके ठळक आहेत, आणि म्हणून पुढे ‘नवतांत्रिक’ म्हणून ज्या चित्रकारांची मोट बांधली गेली, तीत बरव्यांनाही घालण्यात आले. समीक्षकांना लेबल लागते. बरवे मात्र त्या लेबलाखाली फार दिवस राहिले नाहीत.

१५/
माझ्या मते वाराणसीने त्यांना यंत्र-तंत्रापेक्षा टिकाऊ गोष्ट दिली, ती मदनपुऱ्यासारख्या विणकर मोहल्ल्यांत. बनारसी वस्त्राचा नमुना कसा तयार होतो ते पाहा. आधी कागदावर चित्र. मग ते बारीक चौकोनांच्या कागदावर उतरवायचे. एक चौकोन म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना छेदतात ती एक जागा. प्रत्येक चौकोनाला उत्तर द्यावे लागते: इथे कुठला धागा वर? वेलबुट्टी असो, कोयरी असो, शेवटी सगळे ‘वर’ आणि ‘खाली’ यांत मोडते. हाच हिशोब जकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत जातो.

१६/
आता यातली चित्रकाराच्या कामाची गोष्ट. कागदावर चित्र काढताना फुलाच्या भोवतीची जागा आपोआप मिळते. कागद कोरा असतोच. मागावर रिकामी जागा फुकट मिळत नाही. जिथे बुट्टी नाही, तिथेही ताणाबाणा आहे, तिथेही धोटा तितक्याच वेळा फिरला आहे. फुलाइतकीच मेहनत फुलाभोवतीच्या ‘काही नाही’ला लागते. बुट्टी आणि जमीन (विणकर पार्श्वभूमीला जमीन म्हणतात) एकाच वेळी, एकाच ओळीत विणली जातात. आधी पार्श्वभूमी आणि मग वस्तू, असा क्रमच तिथे नाही.

१७/
बरव्यांची पुढची चित्रे समोर ठेवा आणि हे वाक्य पुन्हा वाचा. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या कॅनव्हासवर साध्या वस्तू येऊ लागतात: घड्याळ, पान, फळ, किल्ली, शिंपला. वस्तू ओळखू येतात, पण त्यांचे काम सुटलेले असते. घड्याळ वेळ सांगत नाही. पान कुठल्या फांदीचे नसते. या वस्तूंच्या मधला मोठा, सपाट, शांत अवकाश हाच चित्राचा खरा विषय असतो, आणि तो उरलेला नसतो. तो केलेला असतो. अगदी मागावरच्या जमिनीसारखा.

१८/
साधनाची निवडही पाहण्याजोगी. कॅनव्हासवर बरव्यांनी एनॅमल वापरले, म्हणजे दारे-खिडक्या, लोखंडी कपाटे रंगवण्याचा बाजारी रंग. तैलरंगाचा गौरव त्याला नाही. तो सपाट पसरतो, कडा स्वच्छ देतो, कुंचल्याच्या फटकाऱ्यांची फुशारकी मारू देत नाही. चित्रकाराच्या हाताची खूण पुसून टाकणारा हा रंग. कारखान्याचा म्हणा, खात्याचा म्हणा, पण त्याला एक अनामिकपणा आहे. आकृतिबंध तयार करून विणकराच्या हाती सोपवणाऱ्या माणसाला हा अनामिकपणा परका वाटला नसावा. केंद्रात केलेल्या त्यांच्या कामावर त्यांची सही असण्याचा प्रश्नच नव्हता.

१९/
साठच्या दशकाच्या मध्याला बरवे मुंबईच्या केंद्रात आले आणि ऐंशीच्या दशकापर्यंत तिथेच राहिले. म्हणजे जवळपास दोन दशके दिवसा कापड आणि उरलेल्या वेळी कॅनव्हास. ‘ब्लू क्लाउड’ या चित्राला १९७६ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हाही ते नोकरीतच होते. ‘नोकरीत प्रतिभा वाया गेली’ असा सूर लावायला इथे वाव नाही, आणि ‘नोकरीनेच प्रतिभा फुलवली’ हा सरकारी सूरही मला मान्य नाही. चित्र काढायला लागणारा सलग दिवस त्यांना रविवारीच मिळत असणार. त्यांच्या चित्रांतला तो थांबलेला वेळ कुठून आला असेल, असे कधी कधी वाटते.

२०/
एक शंका वाचकांच्या मनात आली असेल: ज्याच्या चित्रात घड्याळ आणि शिंपला आहे, तो अमूर्त चित्रकार कसा? शंका रास्त आहे. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रात ओळखीची वस्तू शोधून सापडत नाही. तो एक टोक. बरवे त्या टोकावर नाहीत. पण ‘अमूर्त’ हा शब्द आपण फार ढिसाळपणे वापरतो. आकार ओळखू आला की मूर्त, नाही आला की अमूर्त, ही वाटणी कस्टमच्या गोदामात ठीक. वस्तूकडून तिचे नाव, उपयोग आणि जागा काढून घेतली की जे उरते, त्याचे चित्र बरवे काढत होते. अमूर्ताकडे जाणारा हा दुसरा रस्ता आहे, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. इथे मतभेदाला जागा आहे. प्रतिसादांत जरूर मांडा.

२१/
आता तिसरा नमुना. प्रभाकर कोलते, जन्म १९४६, नेरूरपार, आजचा सिंधुदुर्ग जिल्हा. १९६८ मध्ये जे. जे.ची पदविका; पळशीकरांचे विद्यार्थी. १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे ते स्वतः जे. जे.त शिकवत होते. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर क्लेची छाया स्पष्ट होती. प्रत्येक विद्यार्थ्यावर कुणाची तरी छाया असते; प्रश्न असतो तो तिच्यातून बाहेर पडण्याचा. कोलत्यांच्या प्रौढ चित्रांत एक मोठा रंग सगळा पृष्ठभाग व्यापतो, आणि त्या रंगाच्या खालून, फटींतून, आधीचे रंग आणि आकार डोकावतात. खोदकामात वरचा थर खरवडल्यावर खालची वस्ती दिसावी तसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे चित्र लगेच जवळचे वाटते, हे कबूल.

२२/
दरवर्षी नव्या मुलांसमोर पहिल्या धड्यापासून सुरुवात करणारा शिक्षक आणि दरवेळी आधीचे झाकून पुन्हा सुरुवात करणारा चित्रकार, हे एकाच माणसात होते. यांतले कारण कुठले आणि परिणाम कुठला हे मी सांगणार नाही. पण एवढे दिसते, की कोलत्यांनी वर्ग आणि चित्र यांना वेगळ्या खोल्यांत ठेवले नाही. त्यांनी मराठीतून कलेवर लिहिलेही. ‘कलेपासून कलेकडे’ हे त्यांचे पुस्तक चित्रकाराने चित्रकलेविषयी मराठीत कसे बोलावे याचा एक नमुना आहे. आणि वयाच्या पन्नाशीच्या आतच त्यांनी जे. जे. सोडले व पूर्ण वेळ चित्रांना दिला. पळशीकरांनी जे केले नाही, ते त्यांच्या शिष्याने केले.

२३/
पुन्हा बरव्यांकडे. वर्गात उभे राहणारे शिक्षक ते नव्हते, तरी शेवटी त्यांनी शिकवले, आणि आपल्या सर्वांना शिकवले. १९९० मध्ये मौज प्रकाशन गृहाने त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ प्रसिद्ध केले. बरवे वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत. रेखाटने, टिपणे, स्वतःला विचारलेले प्रश्न. त्या सवयीतून हे पुस्तक उभे राहिले. चित्रकाराचे आत्मचरित्र म्हणून ते उघडाल तर निराश व्हाल. कुणाशी भेट झाली, कुठल्या पार्टीत कोण काय म्हणाले, यांतले काही नाही. कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, आकार आणि अवकाश यांचा संबंध काय, वस्तू प्रतिमा केव्हा होते, असले प्रश्न आहेत.

२४/
या पुस्तकाची ऐतिहासिक बाजू भाषेची आहे. जे. जे.तल्या शिक्षणाची परिभाषा बहुतांशी इंग्रजी. ग्रेड परीक्षेच्या शब्दांपलीकडे चित्रावर मराठीत बोलायचे तर शब्द अडतात. ‘सुंदर’, ‘छान रंगसंगती’ यापुढे गाडी जात नाही. बरव्यांनी अवघड परिभाषा घडवली नाही. अवकाश, आकार, पोत, घनता, प्रतिमा, असे हाताशी असलेले शब्दच घेतले आणि त्यांच्याकडून नेमके काम करून घेतले. घरचा एनॅमल रंग कॅनव्हासवर नेला, तसेच हे. क्लेने जर्मनमध्ये विद्यार्थ्यांसाठी जे केले, त्याच जातीचे काम मराठीत झाले, आणि ते विद्यापीठाने नव्हे, हातमाग खात्यातल्या एका माजी नोकराने केले.

२५/
पुढे २०१३ मध्ये शांता गोखले यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. नेहमीचा प्रवाह उलटा असतो: कलेवरचे विचार इंग्रजीत लिहिले जातात आणि त्यांतले काही झिरपत मराठीत येतात. इथे मूळ मराठीत होते आणि बाहेरच्यांना अनुवादाची वाट पाहावी लागली, तीही तेवीस वर्षे. मुरूडच्या किंवा दिघीच्या मुलीला मात्र ती वाट पाहायची नव्हती. तिला रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडून मुंबई गाठायचीही गरज नव्हती. जिल्हा ग्रंथालयात एक प्रत असली तरी बरव्यांची शिकवणी तिला लागू होती. तशी प्रत तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात आहे का, हे जाता जाता पाहून या आणि कळवा.

२६/
बरवे ६ डिसेंबर १९९५ रोजी गेले. वय साठही पूर्ण नव्हते. नोकरी सुटल्यानंतर पूर्ण वेळ चित्रकार म्हणून त्यांना जेमतेम दशकभर मिळाले. पळशीकर आणि बरवे या दोघांच्या बाबतीत हा हिशोब सारखाच दुखतो: पगाराची वर्षे लांब, मोकळी वर्षे थोडी. कोलते वेळेवर बाहेर पडले, हे या पार्श्वभूमीवर वाचायचे. आणि गायतोंड्यांनी एकांताचा जो रस्ता धरला, त्याची किंमतही वेगळी असली तरी कमी नव्हती. तो स्वतंत्र विषय आहे.

२७/
२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटनात अमोल पालेकर यांचे भाषण मध्येच अडवले गेले आणि देशभर त्याची बातमी झाली. बातमी व्हायलाच हवी होती. संग्रहालयाच्या निर्णयप्रक्रियेविषयीचे प्रश्न खरे होते. पण पुढचे कित्येक दिवस ‘बरवे’ हे नाव फक्त ‘त्या भाषणाचे निमित्त’ म्हणून छापून येत राहिले. भिंतींवर चित्रे होती, काचेखाली डायऱ्या होत्या. अवकाश या विषयावर आयुष्य घालवलेल्या चित्रकाराला त्याच्याच प्रदर्शनाच्या बातमीत जागा अपुरी पडली.

२८/
अलिबागला जाणाऱ्यांसाठी: सासवण्यात करमरकरांचे शिल्पालय आहे, त्यांच्या राहत्या घरात. तिथल्या शिल्पांत कोळी स्त्रिया आहेत, शेतकरी आहेत, घरची जनावरे आहेत. दगड-सिमेंटमध्ये इतके जिवंत, की म्हशीच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. मूर्ताचे ते शिखर. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला नागावपर्यंत या आणि मनात बरव्यांचे एखादे चित्र आणा. दोन पिढ्यांत, एकाच तालुक्यात, एकाच नात्यागोत्यात मराठी दृश्यकला कुठून कुठे गेली, ते तेवढ्या रस्त्यात दिसते.

२९/
या धाग्यात एक नाव मी मुद्दाम नुसते उल्लेखून सोडले: भास्कर कुलकर्णी. तेही त्याच हातमाग यंत्रणेतले चित्रकार. १९६६-६७ च्या दुष्काळात ते बिहारमधल्या मधुबनीला गेले आणि भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला; पुढे डहाणूच्या वारली पाड्यांत जिव्या सोमा मशे यांच्यापर्यंत पोहोचले. शिकवायला गेलेला माणूस तिथे काय शिकला आणि स्वतः चित्रकार म्हणून कुठे हरवला, ते पुढच्या धाग्यात.